जुव्यावरची जमीन आणि दोन कुलमुखत्यारपत्रे

रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका खाडीत आमचे जुवे, म्हणजे पाण्याने वेढलेले बेट, आहे. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण दावा न्यायालयात चालू आहे आणि आम्हाला फसवून जमीन विकणाऱ्या माणसाने गाठलेली आणखी काही घरे अजून गप्प आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचले, तर त्याने आज रात्रीच आपल्या भावाबहिणींना फोन करावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

जुव्यावर जायला होडीशिवाय साधन नाही. खाडीच्या बाजूने मातीदगडाचा बांध, त्याला पाणी सोडायची उघाडी आणि आत खारट जमिनीतही तग धरणारा काळा राता भात, एवढ्यावर आजोबांची पिढी जगली. बांधाची डागडुजी सगळे मिळून करत. माणसे मुंबईला गेली तसे हात कमी पडू लागले आणि उधाणाचे पाणी मात्र दरवर्षी वर चढत राहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमची कौले आणि सुपारीची बाग नेली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले, तेव्हा आधीच खचलेल्या बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला. शेतात खाडीचे पाणी खेळू लागले, भाताच्या जागी तिवरे उगवली, विहीर मचूळ झाली आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई पिण्याचे पाणी होडीतून आणू लागली.

अशा वेळी तो माणूस आला. पहिल्या भेटीत त्याने पैशाचे नावही काढले नाही. त्याने खांड पाहिली, मोबाइलवर फोटो काढले आणि वडिलांना म्हणाला, "काका, जुवा आता राहत नाही. सरकार पुनर्वसन करणार आहे. ज्याची कागदपत्रे तयार, त्याला आधी मोबदला." त्याच्या बोलण्यात खरे आणि खोटे असे कालवलेले होते की वेगळे काढणे कठीण. खाजगी जमिनीवरील कांदळवनालाही, म्हणजे तिवरांच्या रानालाही, कायद्याचे संरक्षण आहे, हे खरे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्याबाबत कडक आदेश दिलेले आहेत. त्यावरून त्याने सांगितले की जमीन वनखात्याकडे गेल्यातच जमा आहे. हे मात्र खोटे होते. कांदळवन तोडण्यास बंदी असली, तरी त्यामुळे सातबारावरील मालकाचे नाव आपोआप जात नाही. पुनर्वसनाची तर कोणतीही अधिसूचना नव्हती. भूसंपादन होणार असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे ते राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते, ग्रामपंचायतीत लागते. ओट्यावर बसून कोणी कानात सांगत नाही.

'फाईलच्या खर्चासाठी' त्याने पाच वेळा मिळून ८५,००० रुपये नेले. शेवटच्या वेळी वडिलांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. मी ठाण्यात नोकरीला आहे, दर रविवारी फोन करत होतो. मला यातले अक्षर कळले नाही, कारण "पोरांना सांगाल तर गवगवा होईल" असे त्याने बजावले होते.

तरीही वडील सही करायला कचरत होते. तेव्हा त्याने आमच्या घरातले गुपित बाहेर काढले. माझे थोरले काका जहाजावर खलाशी होते. १९७३ मध्ये त्यांनी मुंबईत जातीबाहेर लग्न केले आणि आजीने त्यांच्या नावाने आंघोळ केली. आम्हा मुलांना एवढेच सांगितले गेले की काका समुद्रात गेले. जिवंत मुलाला कागदावर मेलेला दाखवायचे नाही आणि वारस म्हणून त्याचे नावही लावायचे नाही, या अडचणीत आजोबांच्या पश्चात वारस नोंद झालीच नाही. जमीन पन्नासएक वर्षे मृत माणसाच्या नावावर राहिली. गावात म्हातारी माणसे आहेत, त्यांच्याकडून हे काढून घेणे अवघड नव्हते. त्याने मुंबईत काकांची मुलगी शोधली. वडिलांना सांगितले, "ती अर्धा हिस्सा मागायला येतेय, तिच्याआधी सही करा." तिला सांगितले, "चुलत्याने तुमच्या वडिलांना बेवारस मेलेले दाखवलेय, मिळेल ते पदरात पाडून घ्या." एकमेकांच्या भीतीने दोघांनी त्याच माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा दस्त, नोंदवून दिले.

वडिलांना वाटले, तो मोबदल्याच्या अर्जाचा कागद आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्यांचा फोटो निघाला, अंगठा घेतला गेला, आणि अकराव्या पानावरचे 'विक्री करणे, खरेदीखत करून देणे' हे शब्द त्यांना कोणी वाचून दाखवले नाहीत. त्या पत्रांच्या जोरावर त्याने वारस नोंद करून घेतली आणि दोघांचे अविभक्त हिस्से विकून टाकले.

हे उघडकीस आले ते आत्यामुळे. तलाठ्याच्या चौकशीत वारस म्हणून तिचेही नाव लागले होते, आणि विक्रीच्या फेरफाराची, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदीची, नोटीस तिच्या सासरच्या पत्त्यावर गेली. तिने मला फोन केला आणि रडत विचारले, "तुझ्या बाबाने जमीन विकली, मला साधे विचारलेही नाही रे?" हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते, त्यातले नऊ गेले होते. उरलेल्या सहापैकी शेवटच्या दिवशी आम्ही लेखी हरकत दिली, म्हणून नोंद प्रमाणित न होता तक्रारीत गेली. त्या नोटिशीला घरगुती रुसवा समजून आत्या गप्प बसली असती, तर आज सातबारावर आमचे नाव नसते.

माझी कळकळीची विनंती आहे. वारस नोंद लांबवू नका, कारण कितीही अवघड असले तरी आपल्या घरातले सत्य आपण लिहिले नाही, तर दुसरा कोणी त्याच्या सोयीने लिहितो. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन दिसतात. दर दोन महिन्यांनी पाहा, नोंदवलेले दस्त इंडेक्स दोनमध्ये, म्हणजे नोंदणी खात्याच्या दस्तांच्या सूचीत, शोधा. कुलमुखत्यारपत्र ही किल्ली आहे. अर्ज करायला ती लागत नाही. आणि "घरात कुणाला सांगू नका" असे जो म्हणेल, त्याला त्या क्षणी उठवा.

मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली, त्या दिवशी चुलत बहीणही आली होती. तिच्या पिशवीतले पत्र आणि वडिलांच्या हातातले पत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा दोन्हींवर साक्षीदार तेच आणि शब्द तेच निघाले. अकराव्या पानावर टंकनाची चूकही तीच होती. अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहून विचारले, "या कोण?" वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाची मुलगी. लिहून घ्या, साहेब."

त्याच आठवड्यात दोघांनी एकत्र जाऊन दोन्ही पत्रे रद्द केल्याचा दस्त नोंदवला. विक्री रद्द व्हावी यासाठीच्या दाव्यात तिचे नाव वादी म्हणून माझ्या वडिलांच्या खाली आहे. खांड अजून उघडीच आहे.