'अँटिबायोटिक-फ्री' चिकनचं दुकान, कोथरूड : ५ पैकी ४ स्टार

चिकन एकदम ताजं, करी कट व्यवस्थित, दुकानात वास नाही. किलोमागे साठ-सत्तर रुपये जास्त घेतात, ते मी देते. पण बोर्डवर 'अँटिबायोटिक-फ्री' लिहिलंय त्याबद्दल बोलायचंय.

काउंटरवरच्या दादांना सरळ विचारलं, दादा, कोंबडीला औषध दिलंच नाही, की देऊन मग बंद केलं? बाकी ठिकाणी हे विचारलं की "ताई, एकदम फ्रेश आहे" एवढंच ऐकायला मिळतं, यांनी मोबाईलवर शेडच्या रजिस्टरचा फोटो काढून दाखवला. पिल्लं कधी टाकली, किती मेली, पाण्यातनं कुठलं औषध किती दिवस दिलं, सगळं पेनाने लिहिलेलं. त्या लॉटला दुसऱ्या आठवड्यात एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलेलं होतं, नंतर बंद. म्हणजे मांसात औषधाचा अंश नाही हे खरं असेल, त्यांचा लॅब रिपोर्ट पण तेच म्हणतो, पण मग 'फ्री' कशाला लिहायचं?

हा काथ्याकूट नाहीये. एन्रोफ्लॉक्सासिन हे आपण घेतो त्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच घराण्यातलं. शेडमध्ये हे औषध फिरलं की त्याला न जुमानणारे जंतू तिथे टिकतात, वाढतात, मग शेडमधलं लिटर (खाली अंथरलेला भुसा आणि विष्ठा) खत म्हणून शेतात जातं तेव्हा तेही सोबत जातात, आणि कोंबडी कापून हात धुतले नाहीत की किचनमध्ये पसरतात. सीएसई या दिल्लीतल्या पर्यावरण संस्थेने २०१७ मध्ये उत्तरेतल्या पोल्ट्री फार्मवर असे जंतू सापडल्याचं सांगितलं होतं. कोलिस्टिन, जे आयसीयूमध्ये बाकी काहीच चालेनासं झालं की काढतात, ते आपल्याकडे कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातनं देत होते, २०१९ मध्ये सरकारने बंदी घातली तेव्हा कुठे थांबायला लागलं. शेतकऱ्याला तरी काय बोलणार, कॉन्ट्रॅक्टवर पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं, गोणीत काय मिसळलंय ते त्याला कोण सांगतं!

या दुकानाने रजिस्टर दाखवलं म्हणून मी इथूनच घेणार, बिनधास्त जा. एक स्टार बोर्डासाठी कापलाय. दादा, 'फ्री' काढा आणि पॅकवर औषधाचं नाव आणि शेवटचा डोस कधी दिला ती तारीख छापा, मी पाचवा स्टार लगेच देते.