पिकलिंग शेडमधली एफआरपी ग्रेटिंग: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरून झाल्यावर

आमचं काम हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचं, म्हणजे लोखंडी माल वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर जस्ताचा थर चढवायचं. त्याआधी ॲसिडने मालावरचा गंज काढायचा, ते पिकलिंग. त्या टाक्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यामुळे शेडमध्ये वाफा कायमच्याच. टाक्यांच्या कडेने चालायची जी वाट आहे, तिथली एमएस (साध्या पोलादाची) ग्रेटिंग, म्हणजे पायाखालची जाळी, खालून कुजायची. वरून रंग शाबूत दिसतो, आतून पट्टी कागदासारखी झालेली असते, आणि खाली ॲसिड. माणसांच्या पायाखालची ही गोष्ट मला सहन होत नव्हती. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सगळी वाट एफआरपीची (काचेचे धागे घातलेल्या प्लॅस्टिकची) करून घेतली: ३८ मिमी जाडीची मोल्डेड जाळी, वर खरखरीत वाळूचा थर.

घेणाऱ्याने सगळ्यात आधी रेझिन, म्हणजे काचेच्या धाग्यांना बांधून ठेवणारं प्लॅस्टिक, कोणतं ते विचारावं. आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण ॲसिडच्या टाकीशेजारी व्हिनाइल एस्टरच हवं. कोटेशनवर नुसतं ‘एफआरपी ग्रेटिंग’ लिहिलेलं असेल तर ते परत पाठवा.

गंजाचं म्हणाल तर प्रश्नच मिटला. जाळी आजही पाण्याने धुतली की स्वच्छ होते, आणि ओल्या बुटांनीही पाय घसरत नाही. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, हिची २ च्याही खाली. टाकी साफ करताना दोघं जण पॅनल सहज उचलून बाजूला ठेवतात.

पण ही जाळी लोखंडाच्या हिशोबाने बसवू नका. पोलादाच्या मानाने तिचा ताठपणा दहाव्या हिस्स्याच्या आसपास. मोडायच्या खूप आधी ती लवते, म्हणून आधारांमधलं अंतर ठरवताना ती किती लवेल तेच पाहावं लागतं. आम्ही जुन्या चॅनलांच्या (खालच्या लोखंडी आधारांच्या) मध्ये जादा आधार दिले. तरी पायाखाली किंचित दबल्यासारखं वाटतं. सुरुवातीला पोरं बिचकत होती, आता सवय झाली.

कापण्याचं काम मन लावून करून घ्या. डायमंड ब्लेड, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, कारण काचेच्या धुळीने अंगाला भयंकर खाज सुटते. कापलेली कड त्याच दिवशी रेझिनने बंद करायची. तिथे काचेचे धागे उघडे पडतात, ॲसिड त्यातलं कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि धागा दुबळा होतो. ठेकेदार हेच काम टाळतात. कडा सील झाल्याशिवाय बिल पास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सध्याची खरी काळजी क्लिपांची आहे. जाळी ठणठणीत, आणि तिला धरणाऱ्या एसएस ३१६ च्या (स्टेनलेस स्टीलच्या) क्लिपांना क्लोराइडमुळे खड्डे पडू लागलेत. टाकीला अगदी लागून असलेल्या ओळीत आता धातूऐवजी एफआरपीचेच बोल्ट लावून पाहतो आहे.

जड माल पडला तर लोखंड वाकतं, ही जाळी तडकते. आमचं एक पॅनल अँगलचा बंडल पडून असंच गेलं. ते भंगारवाला घेईना. थर्मोसेट रेझिन पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्याला मोलच नाही. उन्हात येणाऱ्या टोकाला पिवळा रंगही फिका पडलाय. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग मारून घेणार आहे.

झिंकच्या कढईजवळ मात्र एमएसच ठेवली. तिथलं जस्त ४५० अंशांच्या आसपास असतं, आणि तेवढ्या उष्णतेजवळ रेझिनची जाळी टाकायला कुणी सांगितलं तरी मी तयार होणार नाही.