उमेदवार पारखायचा कसा: शपथपत्र की सोबतची माणसं?

अमळनेरचा पुतण्या विधानसभेला पहिल्यांदाच मत देणार. विचारतो, "काका, उमेदवाराचं शपथपत्र वाचू, की त्याच्याभोवतीची माणसं बघू?" प्रचारपत्रकं बाजूलाच ठेवू.

कष्ट शपथपत्राला कमी. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. माणसं कळायला मात्र बाजार समितीत, विकास सोसायटीत कान उघडे ठेवून वावरावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निकालामुळे खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण जाहीर होऊ लागलं. जोडीदार आणि अवलंबितांची मालमत्ताही त्यात येते. पण वेगळं राहणारा भाऊ, ठेकेदार भाचा त्यात सापडत नाही. शिवाय कापसाच्या चुकाऱ्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी उमेदवाराचा स्वीय सहायक कसा बोलतो, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मात्र ऐकीव गोष्टींत भाऊबंदकी आणि जातीचा राग मिसळतो. भावाचा गुन्हा उमेदवाराच्या माथी मारणं अन्यायच. त्याने भावाला पाठीशी घातलं का, एवढंच बघायचं.

उमेदवार बाहेरून आलेला असेल, तर शपथपत्रावरच भर दे. तालुक्यात वर्षानुवर्षं सत्तेत असलेल्याला त्याच्या माणसांवरून जोख. ग्रामपंचायतीला तर माणसंच बघ.