पीएचपीचे 'एमबी ट्रिम' आणि 'नॉर्मलायझर': आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एका मंगल कार्यालयाच्या आरक्षणासाठी तयार केलेल्या छोट्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे. अर्जातून येणाऱ्या मजकुरातील नको ती अक्षरे काढण्यासाठी गेले आठ महिने मी पीएचपी या संकेतस्थळे बनवण्याच्या भाषेच्या ८.४ आवृत्तीतील 'एमबी ट्रिम' (मजकुराच्या कडेची मोकळी जागा कापणारे फंक्शन) आणि तिच्याच 'इंटल' या विस्तारातील 'नॉर्मलायझर' (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले तेच अक्षर एकसारखे करणारे साधन) ही जोडी वापरत आहे. त्याआधी सगळी भिस्त पीएचपीच्याच 'फिल्टर सॅनिटाइझ स्ट्रिंग' या मजकूर गाळणाऱ्या फिल्टरवर होती. २०२१ मध्ये पीएचपी ८.१ ने तो कालबाह्य ठरवला, ते योग्यच झाले. 'पाहुणे < ५००, पंगत तळमजल्यावर हवी' असे कोणी लिहिले, की त्या 'पेक्षा कमी' चिन्हापासून पुढचा सगळा मजकूर एचटीएमएल टॅग (वेबपानाच्या मांडणीची खूण) समजून तो फिल्टर गिळून टाकत असे.

नवी जोडी घेण्याचे खरे कारण मात्र सदाशिव पेठ. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराच्या कडेला 'नो-ब्रेक स्पेस' (ओळ तुटू न देणारी मोकळी जागा) येते आणि साधे 'ट्रिम' तिला हात लावत नाही, म्हणून आम्ही तिचे सी२ आणि ए० हे दोन बाइट (संगणकात अक्षर साठवण्याचे सुटे तुकडे) 'ट्रिम'च्या कापायच्या यादीत घातले होते. हे फंक्शन अक्षरे पाहत नाही, सुटे बाइट पाहते. आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत 'ठ' हे अक्षर ई०, ए४, ए० असे तीन बाइटांचे आहे. परिणामी ज्यांचा पत्ता 'पेठ' या शब्दावर संपत होता, त्यांच्या 'ठ'चा शेवटचा बाइट कापला जाऊन डेटाबेस अर्ज नाकारत असे, तर कोथरूडकरांचे अर्ज बिनबोभाट जात होते. पुढे 'पुणे' लिहिणारे पेठकरही सुटत, त्यामुळे दोष सापडायला दोन आठवडे लागले. 'एमबी ट्रिम' अक्षरांनुसार काम करते आणि नो-ब्रेक स्पेस त्याच्या मूळ यादीतच आहे. त्यानंतर ही तक्रार पुन्हा आली नाही. शून्य रुंदीची जागा मात्र ते काढत नाही, ती वेगळी काढावी लागते.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. अदृश्य अक्षरे एकदाच निपटून टाकावीत म्हणून मी 'प्रेग रिप्लेस' या शोधून बदलणाऱ्या फंक्शनमध्ये युनिकोड या अक्षरसूचीचा संपूर्ण 'सी' वर्ग काढण्याचा नियम लिहिला. त्या वर्गात नियंत्रक अक्षरांबरोबर 'झिरो विड्थ जॉइनर' (अक्षरे जोडणारी अदृश्य खूण) हाही येतो, आणि काही कळफलक 'र'चे अर्धे रूप त्याच्याच आधारे लिहितात. तो गेला की अर्ध्या 'र'चा रफार होतो. एका यजमानांनी सूचनेत 'आचाऱ्यांना सकाळी सहाला आत सोडावे' असे लिहिले होते. कार्यालयाच्या छापील यादीत ते 'आचार्यांना' झाले आणि व्यवस्थापकांनी गुरुजींसाठी खोली उघडून ठेवली. स्वयंपाकी फाटकाबाहेर उभे होते. आता मी आधी 'र', हलन्त आणि जॉइनर हा क्रम 'ऱ' व हलन्त असा बदलून घेतो, आणि त्यानंतर केवळ नियंत्रक अक्षरे काढतो, त्यातही नवी ओळ राखतो.

'नॉर्मलायझर'कडून माझी अपेक्षा जास्त होती. 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे सुटे आलेले अक्षर तो एकसंध 'ऱ' करतो, त्यामुळे नावांचा शोध सुधारला. परंतु 'र'-हलन्त-जॉइनर आणि 'ऱ'-हलन्त ही वरची दोन रूपे तो एक मानत नाही, तो नियम स्वतःच लिहावा लागतो. 'इंटल' विस्तार आमच्या होस्टिंगवर बंद होता, तो चालू करून घेण्यात चार दिवस गेले. मजकूर सदोष यूटीएफ-८ असेल तर 'नॉर्मलायझर' मजकुराऐवजी 'फॉल्स' (असत्य) परत करतो आणि 'यू' फ्लॅग (मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचायला सांगणारी खूण) लावलेले 'प्रेग रिप्लेस' 'नल' (काहीच नाही) देते. दोन्हींकडे दुर्लक्ष केले तर रकाना मुकाट्याने रिकामा साठवला जातो. म्हणून मजकूर वैध आहे का हे पाहणाऱ्या 'एमबी चेक एन्कोडिंग'ची तपासणी सर्वांत आधी हवी.

एवढे करूनही सुरक्षिततेचे काम मी या जोडीवर सोपवलेले नाही. डेटाबेससाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट (मजकूर आज्ञेपासून वेगळा पाठवण्याची पद्धत) आहेत, आणि पानावर दाखवताना 'एचटीएमएल स्पेशल कॅरेक्टर्स' (खास चिन्हे निरुपद्रवी करणारे फंक्शन) लावतो. साठवणीत डी'सूझा हे आडनाव जसे लिहिले तसेच राहते. जुन्या फिल्टरने त्यातील चिन्हाचा आकडी कोड करून ठेवलेल्या नोंदी मी अजूनही एकेक करून दुरुस्त करतो आहे.