कोल्ह्याच्या शिकारीचे जुने तैलचित्र : कुत्रे उत्तम, खोगीर संशयास्पद

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘व्हिंटेज युरोपियन ऑइल पेंटिंग’ या नावाखाली जी चित्रे विकली जातात, त्यांत तांबड्या कोटातले घोडेस्वार आणि त्यांच्यापुढे धावणारी कुत्र्यांची टोळी हा विषय वारंवार दिसतो. पूर्वी अशी चित्रे मुंबई-पुण्याच्या क्लबांत आणि जुन्या बंगल्यांत असत. आता खानदेशातील फार्महाऊस आणि महामार्गावरची हॉटेले यांनाही संस्थानी थाट हवा असल्याने ती इकडेही येऊ लागली आहेत. शहाद्याच्या घरातील बैठकीच्या खोलीसाठी मी असे एक चित्र मुंबईतील एका व्यापाऱ्याकडून घेतले. माझे मत आधीच सांगतो. भिंतीवर लावायचे चित्र म्हणून ते चांगले आहे आणि दिलेल्या पैशांचे चीज करते, परंतु ‘अँटिक’ म्हणून जी किंमत मला प्रथम सांगण्यात आली, तिच्या निम्म्याचीही त्याची योग्यता नाही.

चित्र कॅनव्हासवर असून आकार 24 बाय 36 इंच आहे. भोवती प्लास्टरच्या वेलबुट्टीवर सोनेरी मुलामा दिलेली रुंद फ्रेम आहे. प्रसंग ऐन पाठलागाचा आहे. हिवाळी, करड्या आभाळाखाली उतरते कुरण, डावीकडे पाने झडलेले रान, मागे एका चर्चचा मनोरा, आणि मधून काटेरी कुंपण ओलांडणारे सहा स्वार. पुढे सतरा कुत्रे आहेत. इंग्लंडात हे कुत्रे जोड्यांनी मोजण्याची रीत असल्याने तिकडचा माणूस त्यांना साडेआठ जोड्या म्हणेल. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे तो कोल्हा मात्र प्रथमदर्शनी सापडतच नाही. रानाच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, विटकरी रंगाचा एक ओढलेला फटकारा आणि त्याच्या टोकाला पांढऱ्याचा ठिपका एवढाच तो आहे. पण शेपटीचे ते पांढरे टोक इतके नेमके पडले आहे की एकदा दिसल्यावर नजर पुन:पुन्हा तिकडेच जाते.

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो की यात बंदूक कोठे आहे. प्रश्न रास्त आहे, कारण खानदेशात शिकार म्हटले की डोळ्यांपुढे सातपुडा, वाघ आणि बंदूकधारी साहेब येतो. 1825 मध्ये येथे भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमची वाघाच्या शिकारीसाठीही ख्याती होती, आणि 1819 मध्ये अजिंठ्याची लेणी ज्या जॉन स्मिथच्या दृष्टीस पडली तोही वाघाच्या मागावरच होता. कोल्ह्याच्या इंग्रजी शिकारीत बंदुकीला स्थान नाही. वासावर माग काढणे आणि शेवटी कोल्ह्याला मारणे ही दोन्ही कामे कुत्र्यांची; माणसाने घोड्यावरून त्यांच्या मागे राहायचे आणि वाटेतली कुंपणे, चर, ओढे उडी मारून ओलांडायचे. अठराव्या शतकात तिकडची मोकळी शेते आणि कुरणे मोठ्या प्रमाणावर कुंपणांनी बंदिस्त झाली आणि उडी हा या खेळाचा प्राण बनला. त्याच शतकात लेस्टरशायरमधील ‘क्वॉर्न हंट’ या शिकारी मंडळाचा प्रमुख ह्यूगो मेनेल याने अधिक वेगवान कुत्र्यांची पैदास केली आणि पहाटेच्या रेंगाळत्या पाठलागाऐवजी दिवसाउजेडीची भरधाव दौड रूढ केली. माझ्या चित्रातील कुंपण आणि त्यावरून झेपावणारा राखी घोडा या इतिहासाशिवाय केवळ शोभेचे वाटतात.

व्यापाऱ्याने चित्राला ‘युरोपीय’ म्हटले होते. चित्रकार युरोपात कोठलाही असू शकतो, परंतु प्रसंग निःसंशय इंग्रजी आहे. पुढच्या स्वाराच्या कोटाच्या दोन गुंड्यांमध्ये आखूड, सरळ तांब्याचे शिंग खोचलेले आहे. फ्रेंच शिकारीत खांद्यावरून अंगाभोवती जाणारे मोठे, वेटोळे शिंग असते आणि पोशाखही वेगळा असतो. एका स्वाराच्या हातातील चाबकाच्या मुठीला आकडा आहे. तो घोड्यावरून न उतरता फाटक उघडण्यासाठी वापरतात. असे बारकावे पाहून मी प्रथम प्रभावित झालो. चित्र खाली उतरवून दिवसाच्या उजेडात पाहिल्यावर मात्र शंका वाढत गेल्या.

कुत्र्यांबद्दल शंका नाही. ते चित्राचा सर्वोत्तम भाग आहेत. पांढऱ्या अंगावरचे काळे आणि तपकिरी पट्टे, वर उभारलेल्या शेपट्या, चिखलाने माखलेली पोटे, आणि एकाच दिशेने चाललेल्या टोळीतही वास चुकल्यामुळे मान वळवून मागे पाहणारा एक कुत्रा. एवढे निरीक्षण नकलेतून येत नाही. गवतही हलक्या हाताने, ओल्या रंगात ओला रंग मिसळून केलेले आहे. घोड्यांपाशी मात्र हा हात अडखळतो. आमच्याकडे सारंगखेड्याची यात्रा जवळ असल्याने घोडा पारखणारी माणसे दुर्मीळ नाहीत. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात वर्षानुवर्षे घोडे आणणारे एक स्नेही चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “अप्पा, घोडा भारी शे, पन याना तंग कोठे शे?” पाहतो तर खरोखरच तिसऱ्या घोड्याच्या पोटाखाली तंग नव्हता. खोगीर पाठीवर आहे, रिकीब लोंबते आहे, स्वार पूर्ण भाराने पुढे झुकला आहे, आणि हे सारे घोड्याच्या अंगाला बांधून ठेवणारा पट्टाच रंगवलेला नाही. ज्याने जन्मात एकदा तरी घोड्यावर जीन कसले आहे, त्याच्या हातून ही चूक होणे अवघड आहे. चित्रकाराने कुत्रे प्रत्यक्ष पाहिले असावेत आणि स्वार कोणत्या तरी छापील चित्रावरून उचलले असावेत, असा माझा तर्क आहे. चाबकाचा आकडा बरोबर येणे आणि तंग गळणे या दोन्ही गोष्टींचा उलगडा त्यातूनच होतो.

पायांचीही तीच कथा. मागचे दोन घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे असे सरळ ताणून जणू हवेत तरंगत आहेत. चौखूर धावणारा घोडा असा कधीच नसतो. चारही टापा जमिनीपासून सुटतात तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाचा असतो, हे एडवर्ड मायब्रिज याने 1878 मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या छायाचित्रांनी दाखवून दिले. त्यापूर्वीचे बहुतेक चित्रकार ताणलेले पायच काढत. म्हणून अनेक विक्रेते असे पाय दाखवून चित्र 1878 पूर्वीचे असल्याचे सुचवतात. माझ्या व्यापाऱ्यानेही तो प्रयत्न केला. या युक्तिवादात अर्थ नाही, कारण हेन्री आल्कन यांच्यासारख्या जुन्या चित्रकारांच्या शिकारदृश्यांचे छाप घरोघर पोचले होते आणि त्यांच्यावरून नकला करणाऱ्यांनी ते पाय पुढेही तसेच उतरवले. पायांवरून मूळ नमुन्याचे वय कळेल. समोरच्या कॅनव्हासचे कळेलच असे नाही.

कॅनव्हासचे वय पाहायचे तर चित्र उलटे करावे, आणि खरेदी करणाऱ्याने हा आग्रह सोडू नये. माझ्या चित्राच्या मागे लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी आहेत, कापड गंजलेल्या बारीक खिळ्यांनी ठोकलेले आहे, स्टेपल नाहीत, आणि कडेचे कापड सगळीकडे सारखेच तपकिरी पडले आहे. या गोष्टी वयाच्या बाजूने बोलतात. भिंगातून पाहिल्यावर छपाईचे ठिपके दिसले नाहीत, म्हणजे छापील चित्रावर जाड व्हार्निश फासून तैलचित्र म्हणून खपवण्याचा प्रकार येथे नाही. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा अंधारात धरला असता बहुतेक पृष्ठभाग हिरवट चमकला, जे जुन्या राळेच्या व्हार्निशचे लक्षण आहे. चर्चच्या डावीकडे मात्र तळहाताएवढा काळा डाग उमटला. तेथे नंतर कोणीतरी रंग भरून दुरुस्ती केली आहे. ती नीट केलेली आहे आणि दिवसा दिसत नाही, पण विक्रेत्याने ती सांगायला हवी होती. उजव्या कोपऱ्यातील सही वाचता येत नाही. ती वाचून दाखवणाऱ्या आणि लगेच एखादे प्रसिद्ध नाव घेणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहिलेले बरे. एकंदरीत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सजावटीसाठी केलेले, सराईत पण दुय्यम दर्जाचे काम, असा माझा अंदाज आहे.

वयाच्या बाबतीत एक गमतीचा अनुभव आला. व्यापारी चित्र ‘सव्वाशे वर्षांचे’ असल्याचे छातीठोकपणे सांगत होता. आपल्याकडे 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि पुरावशेष विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो, म्हणून मी सहज परवान्याची प्रत मागितली. त्याच संभाषणात चित्राचे वय ऐंशी वर्षांवर आले. पंचेचाळीस हजारांपासून सुरू झालेली बोली अखेर साडेएकोणीस हजारांवर ठरली, आणि फ्रेमसह या आकाराच्या हातच्या कामाला ही रक्कम मला अवाजवी वाटत नाही.

सेवेबद्दल मात्र मी नाराज आहे. प्लायवूडच्या खोक्यात चित्र आले तेव्हा फ्रेमचा एक कोपरा उडाला होता. तो प्रवासात उडाला असे धरून सोडून देता येईल. त्याहून गंभीर गोष्ट अशी की बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट रंगाच्या बाजूवर गुंडाळले होते. ऐन एप्रिलमध्ये, तापलेल्या मालगाडीतून धुळ्यापर्यंत आणि तेथून टेम्पोने शहाद्यापर्यंत येईतो व्हार्निश मऊ पडले आणि आभाळावर गोल बुडबुड्यांचे ठसे उमटले. तिरक्या उजेडात ते आजही दिसतात. रंगाच्या बाजूला आधी चिकटविरहित कागद, त्यावर जाड पुठ्ठा आणि मग प्लास्टिक, एवढी साधी काळजी घेण्यास सांगावे, आणि शक्य असेल तर उन्हाळ्यात चित्र मागवूच नये. तक्रार केल्यावर व्यापाऱ्याने ‘ते आपोआप जाईल’ असे उत्तर दिले. ते जात नाही.

येथल्या हवेत तैलचित्र टिकवण्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण विक्रेते याबद्दल बोलत नाहीत. जळगाव-भुसावळकडे आणि आमच्याकडेही उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते आणि तिच्यावर लावलेले चित्र त्या उष्णतेत अक्षरशः भाजते. म्हणून आतली भिंतच निवडावी. त्याहून मोठा शत्रू म्हणजे कूलर. कोरड्या हवेत आक्रसलेल्या कॅनव्हासवर कूलरचा दमट झोत पडला की रंगाखालचा, कापडावर दिलेला सरस फुगतो, दुपारी वीज गेली की पुन्हा वाळतो, आणि ही ये-जा रोज झाल्यावर रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. कॅनव्हास ढिला दिसला तरी पाचरी ठोकण्याचा मोह आवरावा. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी; कांद्याची किंवा बटाट्याची फोड चोळून चित्र उजळवण्याचा जो घरगुती उपाय सांगतात, तो कोणी आपल्या चित्रावर करू नये. मागच्या बाजूला वाळवी आणि कसर यांची पाहणी पावसाळ्यापूर्वी केलेली चांगली.

विषयाचा प्रश्नही उरतोच. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्हा मारण्याची ही पद्धत 2004 च्या कायद्याने, फेब्रुवारी 2005 पासून, बंद झाली. स्कॉटलंडने त्याआधीच 2002 मध्ये कायदा केला होता. साहेबांनी हा नाद भारतातही आणला आणि उटीला त्यांचे कुत्रे इंग्रजी ‘फॉक्स’ऐवजी आपल्याकडच्या कोल्ह्यांमागे, म्हणजे ‘जॅकल’मागे धावत. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा शिकारीला वाव राहिला नाही. घरातील एका सदस्याला या कारणाने हे चित्र बैठकीत नको होते, आणि ती हरकत मला चुकीची वाटत नाही. माझ्यापुरते एवढेच की या चित्रात कोल्हा अजून रानाच्या कडेला आहे आणि कुत्रे पुष्कळ मागे आहेत. मारलेला कोल्हा हातात उंच धरलेले दृश्य मी घेतले नसते. अशा चार-चार प्रसंगांच्या मालिका विकल्या जातात आणि त्यांतील शेवटचे चित्र पाहूनच मालिका घ्यायची की नाही हे ठरवावे.

खरेदीपूर्वी ज्यांना जुन्या वस्तूंवर नजर बसवायची आहे, त्यांनी चाळीसगावला केकी मूस यांच्या घरातील संग्रहालय पाहावे. मूस टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून केलेल्या देखाव्यांच्या छायाचित्रणासाठी ओळखले जातात, पण तेथील चित्रे, शिल्पे आणि जुन्या वस्तू पाहताना खरे जुनेपण कसे दिसते याचा अंदाज येतो, जो मोबाइलवरच्या फोटोंतून येत नाही.

फ्रेमच्या उडालेल्या कोपऱ्यासाठी शहाद्यातील सुताराने साच्यातून नवी वेलबुट्टी ओतून देण्याचे मान्य केले आहे. मुलामा मात्र जुन्याशी जुळणार नाही असे तो आधीच सांगून मोकळा झाला. दरम्यान व्यापाऱ्याने याच चित्राचा जोडीदार, स्वार हवेलीपुढे जमल्याचा प्रसंग, बावीस हजारांना देऊ केला आहे. मी त्याच्याकडे चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो आणि प्रत्येक घोड्याच्या पोटाचा जवळून काढलेला फोटो मागितला आहे.