हांबुर्गजवळची फुललेली हाइडे: ऑगस्टात गेलात तर एक दिवस काढाच

पोरगी-जावई हांबुर्गले राहतेत, मागच्या ऑगस्टात आम्ही दोघं तिकडं होतो, तवा ल्यूनेबुर्गर हाइडे, म्हणजे जांभळ्या फुलांच्या झुडपांचं मोठं माळरान, पाहाले गेलो. आपल्या भागातले बरेच आईबाप आता पोरांकडं जर्मनीले जातेत म्हणून लिहून ठेवतो.

आधी टाइम पाहा. फुलं ८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर, तिकडचे लोक आठ-आठ ते नऊ-नऊ असंच ध्यानात ठेवतेत. बुखहोल्झपर्यंत ट्रेन, पुढं हाइडे-शटल बस, ती फुकट आहे. उंडेलो गावात उतरलो अन् तिथून घोड्याच्या बंडीनं विल्झेडेले, कारण त्या गावात मोटारी जाऊच देत नाही. दोन दणकट घोडे, लांब बाकं, रेतीची वाट, तासभर लागते.

अन् मग ते रान दिसलं. फागुनात पयस फुलला की आपलं जंगल कसं पेटल्यावाणी दिसते, तसंच, पण जांभळं, अन् झाडावर नाही, गुडघ्याएवढ्या झुडपावर, नजर जाते तिथवर. बंडी थांबली तवा आधी मधमाश्याच ऐकू आल्या.

मले सगळ्यात भावल्या त्या मेंढ्या. हाइडश्नुके म्हणतेत, करड्या, काळ्या तोंडाच्या, शिंगवाल्या. त्या बर्च अन् पाइनची कोवळी रोपं खातेत म्हणून या झुडपाले ऊन भेटते, मेंढ्या काढल्या तर हळूहळू सगळं जंगल होऊन जाईन. म्हणून तिथली निसर्ग संस्था स्वतःचे कळप पाळते अन् मेंढपाळाले पगार देते, पगार! आपण वावरात खतासाठी मेंढ्या बसवून घेतो अन् तोच धनगर रानात दिसला की हाकलतो, हे मले तिथं उभं राहून लय लागलं. टोटेनग्रुंड नावाची दरी आहे, तिथं बंगले होणार होते, विल्हेल्म बोडे नावाच्या पाद्र्यानं १९०६ साली खटपट करून ती जमीन वाचवली.

विल्झेडेत जुनं शेतकऱ्याचं घर म्युझियम करून ठेवलं आहे, माणसं अन् ढोरं एकाच छपराखाली, ते पाहाच. कुट्टूच्या पिठाचा केक चांगला होता, आंबट बेरी अन् क्रीम भरलेला. हिचा श्रावण होता, अंडं आहे म्हटल्यावर तिनं खाल्ला नाही, मधावर भागवलं. इथला मध जेलीसारखा घट्ट, जरा कडसर, एक बाटली गावाले आणली.

एक तक्रार. गाडीवानानं सांगितलेल्या टायमाच्या आधीच परतीची बंडी काढली, आम्ही पोहोचलो तवा जागा रिकामी. चार-पाच किलोमीटर पायी यावं लागलं, हिचे गुडघे दुखत होते. तुम्ही उतरल्याबरोबर परतीचं पक्कं करून घ्या. बाकी माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

पायी आलो म्हणून एक भेटलं मात्र. उतरत्या उन्हात कळप वाटेत आडवा आला, मेंढपाळ काठीवर टेकून उभा, आपल्याकडचा धनगर उभा राहते तसाच. मी रामराम केला, त्यानं टोपी उचलली.