सोलराइज्ड थीम: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात टर्मिनलला, म्हणजे टाइप करून संगणकाला आज्ञा द्यायच्या खिडकीला, सोलराइज्ड ही रंगांची थीम लावली, आता मे संपत आला तरी काढलेली नाही. जशी मिळाली तशी मात्र ठेवलेली नाही. नाशिकच्या सातपूरला सर्व्हर सांभाळायचं काम, त्यामुळे दिवसाचे आठ-नऊ तास नजर त्या खिडकीतच असते.

थीम जुनी आहे, ईथन शूनोव्हर यांनी 2011 मध्ये काढलेली. एकूण 16 रंग: आठ करड्या वळणाचे, आठ खरे. डार्क (गडद पार्श्वभूमी) आणि लाइट (उजळ पार्श्वभूमी) दोन्ही रूपं त्याच सोळांत बसवली आहेत, तीही उजळपणा मोजून. रात्री दिवे मंद करून डार्कवर काम केलं की डोळे कमी शिणतात. तिथे पैकीच्या पैकी गुण.

तक्रार पुढे आहे. टर्मिनलकडे रंगांचे सोळा खण असतात: आठ साधे आणि त्याच आठांचे ब्राइट. प्रोग्राम फक्त ‘ब्राइट हिरवा’ म्हणतो, त्या खणात काय भरायचं ते थीम ठरवते. सोलराइज्डने आठ ब्राइट खणांपैकी सहांत करडेच भरलेत. म्हणून एखादी स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) ‘ओके’ ठसठशीत ब्राइट हिरव्यात छापते आणि समोर दिसतं फिकट राखाडी. ब्राइट काळ्याच्या खणात तर डार्कची पार्श्वभूमीच बसलेली! टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या झेडशेलचं ऑटोसजेशन्स प्लगइन टाइप करतानाच पुढची आज्ञा सुचवतं, आणि त्यासाठी नेमका तोच आठ नंबरचा रंग घेतं (खण 0 पासून मोजतात), त्यामुळे सूचना येते पण दिसत नाही. प्लगइनचा रंग 10 नंबरवर, म्हणजे ब्राइट हिरव्याच्या खणातल्या करड्यावर नेला आणि टर्मिनलमधलं ‘बोल्ड अक्षरं ब्राइट रंगात दाखवा’ हे टिकमार्क काढलं. निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेला निम्मा उन्हाळ्यात कळला. माझी खुर्ची पश्चिमेच्या खिडकीकडे पाठ करून. एप्रिलच्या दुपारी डार्क थीमवर मजकुरापेक्षा माझाच चेहरा जास्त दिसतो. लाइट केली तर प्रतिबिंब जातं, पण अक्षरं फिकी पडतात. सुवाच्यतेसाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर, निदान 4.5 असावा असं वेबचे सुगम्यता नियम सांगतात. डार्कमधला मजकूर 4.7 च्या आसपास, लाइटमधला 4.1. डार्कमधल्या कॉमेंटचा (कोडमधल्या टिपांचा) करडा जेमतेम 2.8, आणि लाइटवर पिवळी वॉर्निंग 3 च्या घरात. म्हणजे जी ओळ आधी दिसायला हवी तीच शेवटी दिसते. मी लाइटमध्ये मुख्य मजकूर एक पायरी गडद करड्यावर नेला (5 च्या आसपास जातो), आणि माझ्या स्क्रिप्टमधल्या वॉर्निंगला रंगाऐवजी रिव्हर्स लावलं. अक्षर आणि पार्श्वभूमीची अदलाबदल, बस. उन्हातही चुकत नाही.

लाल-हिरव्याचं प्रकरण वेगळं. आमच्या टीममधल्या एकाला हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत. माझ्या स्क्रीनवर गिटचा डिफ (कोडमध्ये कुठल्या ओळी आल्या-गेल्या त्याची यादी; नवीन हिरव्या, काढलेल्या लाल) बघताना म्हणाला, “दादा, मी तर नुसते + आणि - वाचतोय.” सोलराइज्डमध्ये लाल आणि हिरव्याचा उजळपणा जवळपासचा ठेवलाय, त्यामुळे अशा डोळ्यांना उजळपणाचाही फारसा आधार मिळत नाही. एरवी गुण वाटणारी गोष्ट इथे आड येते. गिटच्या सेटिंगमध्ये नवीन ओळींना निळा दिला, जुन्यांना लाल राहू दिला. त्याचं काम झालं, माझंही अडलं नाही.

रंगीत आउटपुट फाइलमध्ये वळवलं की लॉगभर [32m सारखा, रंगाच्या खुणांचा कचरा येतो, पण तो दोष थीमचा नव्हे, स्क्रिप्टचा. समोर टर्मिनल आहे की फाइल हे तपासूनच रंग सोडावा. नो-कलर (NO_COLOR) हा 2017 पासूनचा संकेतही पाळावा: वापरणाऱ्याने ती सेटिंग लावली असेल तर रंग सोडूच नये.

लावायची असेल तर लावा, पण आधी सोळाही खण छापून बघा, भर दुपारी, खिडकी उघडी ठेवून. आणि मीटिंगला प्रोजेक्टरवर हिची कुठलीच बाजू नेऊ नका. तिथे मी सरळ पांढऱ्यावर काळं करतो.